वल्हे कोणाच्या हाती?

आम्ही हे संपादकीय पिपरी (मेघे) येथून लिहीत आहोत. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही या वेळी आम्हाला बोलायचे आहे ते एका बेटाबद्दल, एका खाडीबद्दल आणि तिथे पर्यटकांच्या येण्याजाण्यावर ज्यांचे पोट आहे अशा बायकांबद्दल. कारण हा प्रश्न आता कोकणापुरता राहिलेला नाही. सेवाग्रामची बापूकुटी पाहायला, पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ साली स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात, आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झालेल्या बोरच्या जंगलात बाहेरची माणसे येतच असतात. जून २०२३ मध्ये राज्य शासनाने 'आई' या नावाचे महिलाकेंद्री पर्यटन धोरण मंजूर केले. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा भार ठरावीक मर्यादेत शासन उचलणार, असे त्यात आहे. तेव्हा पापड-लोणचे, शिवणयंत्र, शेळीपालन यांच्या रांगेत आता बचत गटांसमोर 'होम-स्टे काढा' हाही सल्ला येऊन बसला आहे.

सल्ला वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तो स्वीकारण्याआधी ज्यांच्या दारात पर्यटक पूर्वीच येऊन ठेपला, त्या बायकांचे काय झाले हे पाहिले पाहिजे.

नवा शब्द, जुना प्रश्न

पर्यटनाच्या जगात सध्या एका नव्या शब्दाची चलती आहे : रीजनरेटिव्ह टुरिझम. मराठीत आपण त्याला 'परतफेडीचे पर्यटन' म्हणू. आधी 'पर्यावरणस्नेही' आले, मग 'शाश्वत' आले. त्यांचा अर्थ एवढाच होता की पर्यटकाने नुकसान करू नये. हा नवा विचार एक पाऊल पुढे जातो. पर्यटक येऊन गेल्यावर ती जागा, तिथले पाणी, झाडे, मासे आणि माणसे आधीपेक्षा बऱ्या स्थितीत असली पाहिजेत, आणि हे कसे साधायचे ते तिथल्या लोकांनी ठरवले पाहिजे.

जगात याची उदाहरणे बहुधा लहान बेटांवरची दिली जातात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळचे फोगो बेट हे त्यातले गाजलेले. तिथली माणसे पिढ्यानपिढ्या कॉड मासा पकडून जगत. मोठ्या ट्रॉलरांनी समुद्र ओरबाडला, मासा संपत आला आणि १९९२ साली सरकारला कॉडची मासेमारीच थांबवावी लागली. बेट ओस पडू लागले. त्याच बेटावर वाढलेल्या झिटा कॉब या बाईंनी बाहेर कमावलेला पैसा परत आणून एक न्यास उभा केला. २०१३ साली तिथे २९ खोल्यांचे एक निवासगृह सुरू झाले. त्यातले लाकडी सामान बेटावरच बनते, गोधड्या बेटावरच्या हातांनी शिवलेल्या असतात, आणि जी शिल्लक उरते ती न्यासामार्फत बेटाच्याच कामी लावायची असा नियम आहे. पॅसिफिकमधल्या पलाऊ या चिमुकल्या देशाने २०१७ पासून येणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा छापायला सुरुवात केली. पाहुण्याने ती सही करून त्या देशातल्या मुलांना द्यायची, की मी तुमच्या बेटाची नासधूस करणार नाही.

ही उदाहरणे चांगली आहेत. पण ती वाचताना आपल्या चळवळीने शिकवलेला जुना प्रश्न विसरता येत नाही. 'समाजाने ठरवले' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या समाजात कोण बसलेले असते? फोगोकडे परत आलेले भांडवल होते, पलाऊकडे स्वतःचे सरकार. आपल्याकडच्या मासे विकणाऱ्या किंवा डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बाईकडे काय असते?

घारापुरी : दिवसा गर्दी, रात्री अंधार

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे तासाभरात घारापुरीला पोचता येते. पोर्तुगीजांना तिथे दगडी हत्ती दिसला म्हणून त्यांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले, आणि जगाला तेच नाव ठाऊक झाले. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातले हे बेट. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या, स्वतःची ग्रामपंचायत, हजार-बाराशेची वस्ती. १९८७ साली युनेस्कोने इथल्या लेण्यांना जागतिक वारसा ठरवले. तेव्हापासून देशोदेशीचे प्रवासी धक्क्यावर उतरतात, शंभराहून अधिक पायऱ्या चढतात, त्रिमूर्तीसमोर उभे राहतात आणि संध्याकाळच्या शेवटच्या लाँचने परत जातात.

या बेटावर विजेची कायमची जोडणी कधी आली? फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून ती आणावी लागली. जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यावर ३१ वर्षांनी आणि स्वातंत्र्यानंतर ७० वर्षांनी! तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चाले, मग अंधार. समोर मुंबई रात्रभर झगमगत असे. त्या अंधारात चूल कोण पेटवत होते, आजारी मुलाच्या उशाशी कोण बसत होते, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर होडीची वाट कोण पाहत होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. वर्षाला लाखो पायांची वर्दळ असलेल्या जागी गावाच्या साध्या गरजा तीन दशके मागे राहू शकतात, ही घारापुरीने दिलेली पहिली शिकवण आहे.

दुसरी शिकवण पायऱ्यांवर मिळते. दोन्ही बाजूंना दुकाने आहेत; काकड्या, कैऱ्या, बोरे घेऊन बसलेल्या बायका आहेत. डोक्यावर हंडे घेऊन पर्यटकांच्या फोटोसाठी उभ्या राहणाऱ्या बायकाही इथे दिसत आल्या आहेत. ज्या हंड्यांनी मान आणि कंबर मोडते, ते पर्यटकाच्या डोळ्यांना 'दृश्य' असते, आणि त्या दृश्याचे चार पैसे मिळतात. त्या बाईला आम्ही दोष देणार नाही. तिने आपल्या हाती होते ते विकले. प्रश्न असा आहे की एवढा मोठा वारसा दारात असताना तिच्या हाती विकायला एवढेच का उरावे? लेणी पुरातत्त्व खात्याची, लाँच मुंबईच्या मालकांच्या, पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नाही. म्हणजे तिकीट, भाडे आणि हॉटेल हे तिन्ही मोठे पैसे बेटाबाहेर जातात. ग्रामपंचायतीला पर्यटकामागे लहानसा कर मिळतो. सोमवारी लेणी बंद, पावसाळ्यात लाँच बेभरवशाच्या. त्या दिवशी पायरीवरच्या बाईची मजुरी शून्य.

तिसरी शिकवण दुःखाची आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. इंजिनची चाचणी चालू होती. १५ माणसे गेली. त्यानंतर लाइफ-जॅकेटची बरीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण बेटावरच्या माणसांना हेच पाणी ओलांडून दवाखाना, बाजार आणि कचेरी गाठावी लागते, याची आठवण त्या चर्चेत फार थोड्यांना झाली. जलमार्गाची सुरक्षितता ही पर्यटकाची सोय असण्याआधी बेटावरच्या बाईचा हक्क आहे. मुंबईहून घारापुरीपर्यंत समुद्रावरून रोपवे नेण्याचा प्रस्तावही मागे मांडला गेला होता. असे प्रस्ताव कोणत्या मजल्यावर शिजतात, आणि त्यात पायरीवरच्या विक्रेतीचे मत कोणत्या रकान्यात लिहिले जाते?

घारापुरीत पर्यटन आहे, समाजही आहे. पण पर्यटन समाजाच्या हातात नाही. आता दुसरे चित्र पाहू.

मांडवीची खाडी : वल्हे बायकांच्या हाती

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याला मांडवीची खाडी आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर किनाऱ्यावर हॉटेले आली, जमिनींचे भाव चढले. मांडवीच्या मच्छीमार घरांतल्या बायका मात्र मासे विकत राहिल्या. २०१७ साली त्यांच्यातल्या काही जणींनी, 'स्वामिनी' या बचत गटाने, कांदळवन सफर सुरू केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर चाललेला जैवविविधता प्रकल्प आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांनी त्यांना प्रशिक्षण आणि पाठबळ दिले. होडी चालवतात त्या स्वतः. मोटार नाही, वल्हे आहे. पर्यटकाला बसवून खाडीतून फिरवायचे, कांदळाच्या वेगवेगळ्या जाती, चिखलातून वर आलेली श्वासमुळे, पक्षी दाखवायचे आणि हे जंगल कशासाठी हवे ते सांगायचे.

यात नवे काय? कांदळवनाची ओळख त्या बायकांना कोणी पुस्तकातून करून दिलेली नव्हती. खाडीत गुडघाभर चिखलात उभे राहून कालवे, खुबे, तिसऱ्या गोळा करणे हे किनाऱ्यावर पूर्वापार बायकांचेच काम. कुठल्या ओहोटीला काय मिळते, कुठल्या मुळांपाशी पिल्ले वाढतात, हे त्यांना आईकडून-सासूकडून कळलेले. या ज्ञानाला आजवर किंमत नव्हती, कारण ते 'घरच्या कालवणासाठी' होते. सफरीमुळे ते तिकीट काढून ऐकण्याजोगे झाले. झाडांची शास्त्रीय नावे प्रशिक्षणात शिकता आली, पण खाडी त्यांची होती.

यातली परतफेड कशी होते तेही पाहा. कांदळवन म्हणजे माशांचे आणि खेकड्यांचे पाळणाघर. ते तुटले की मासा कमी, किनाऱ्याची धूप जास्त. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवने तोडण्याला मनाई केली, २०१२ साली राज्याने कांदळवन कक्ष स्थापला, २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला. हे सगळे आवश्यकच होते. पण कोर्टाचा आदेश आणि खाडीचा काठ यांमध्ये बरेच अंतर असते. ज्या बाईची होडी रोज त्या झाडांतून जाते आणि जिची मिळकत त्या झाडांच्या उभे असण्यावर आहे, तिच्यासारखा पहारा दुसरा कोणता? जंगल राहिले तर सफर राहील, मासाही राहील. पर्यटकाचा पैसा, निसर्गाची राखण आणि बाईचा मान या तीन गोष्टी इथे एका दोरीत ओवल्या गेल्या.

आम्ही मांडवीचे गोडवे गाऊन थांबणार नाही. पावसाळ्यात खाडी बंद असते. २०२० च्या टाळेबंदीत जगभरचे पर्यटन थांबले, तेव्हा फक्त पर्यटनावर जगणाऱ्यांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. प्रकल्पाचा पैसा एक दिवस संपतो. मग गटाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. आणि एका गटाला यश आले की शेजारी दहा मोटारबोटी येऊन उभ्या राहण्याची भीती कायम असते. तरीही सहल किती वेळाची, होडीत किती माणसे, काय बोलायचे, पैसे कसे वाटायचे, हे वल्हे धरणाऱ्या बायकांनी मिळून ठरवणे शक्य आहे, हे मांडवीने दाखवून दिले. घारापुरी आणि मांडवी यांच्यातला फरक एवढ्यातच आहे, आणि तो लहान नाही.

'होम-स्टे'तले होम कोण चालवते?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ पासून तिथे सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले. पूर्वी ज्या अंड्यांची चोरी होत असे, ती गोळा करून जपली जाऊ लागली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पर्यटक गावातल्या घरांतच राहू लागले, कासवामुळे गावाला पैसा मिळू लागला आणि गावच कासवाचा राखणदार झाला. महाराष्ट्रातले हे फार मोलाचे काम आहे.

आता त्याच चित्राकडे स्वयंपाकघरातून पाहा. पिल्ले समुद्रात सोडण्याची वेळ सकाळी आणि संध्याकाळी. पाहुणा उजाडता किनाऱ्यावर जाणार, म्हणजे त्याचा चहा त्याआधी. परतला की नाश्ता, मग जेवण, मग पुन्हा चहा, पुन्हा जेवण. चादरी, उश्या, पाणी, संडासाची सफाई. ही गोष्ट एकट्या वेळासची नाही. कोकणातल्या, भंडारदऱ्याच्या वा ताडोब्याच्या वाटेवरच्या कोणत्याही घरगुती निवासाची आहे. ज्याला 'घरगुती आदरातिथ्य' म्हणून विकले जाते, ते बाईचे न मोजलेले श्रम असतात. ती नेहमी करते तेच आणखी चार माणसांसाठी करते, म्हणून ते काम वाटतच नाही. तिलाही नाही.

एक साधा हिशेब मांडू. समजा, चार पाहुणे एक दिवस राहिले आणि प्रत्येकाने जेवणासह ८०० रुपये दिले. एकूण ३,२०० रुपये. किराणा-भाजी १,२००, गॅस व वीज ३००, धुलाई-सफाई २००. उरले १,५००. कुटुंब म्हणते, 'दिवसाला दीड हजार सुटले.' पण त्या दिवशी घरची बाई १४ तास राबली, आणि सासू व मुलगी मिळून ६ तास. म्हणजे २० तास. तासाला ७५ रुपये. पाहुणे पाठवणाऱ्या मध्यस्थाने शेकड्याला २० प्रमाणे ६४० रुपये कापले, तर उरले ८६०. तासाला ४३ रुपये. यात घराची झीज नाही, कर्जाचा हप्ता नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत भांडी घासत बसलेल्या मुलीचे नुकसान तर कुठल्याच वहीत नाही. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापल्या गावचे खरे आकडे घालून प्रत्येक गटाने हा हिशेब एकदा करावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. धंदा करू नये म्हणून नव्हे, तर दर ठरवताना आपले श्रम फुकट धरले जाऊ नयेत म्हणून.

परतफेडीच्या पर्यटनात जंगलाला विसावा हवा, समुद्राला विसावा हवा, असे सगळेच म्हणतात. मग बाईला विसावा का नको? पाहुण्यांच्या हंगामात आठवड्याचा एक दिवस चूल बंद, हा नियम कासवाच्या संरक्षणाइतकाच पर्यटनाच्या आराखड्यात लिहिलेला असला पाहिजे.

घर कोणाच्या नावावर?

कर्ज काढायचे, नोंदणी करायची तर पहिला कागद लागतो घराचा. इथे पुष्कळ बायकांची वाट अडते. स्त्रियांच्या नावे जमीन-घर करण्याची चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली आणि पुष्कळ नवऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे केला. १९९४ साली महाराष्ट्राने देशातले पहिले महिला धोरण आणले. २००३ साली शासनाने निर्णय काढला की गावातल्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावी. एवढे असूनही तुमच्या गावचा नमुना ८ काढून पाहा. किती घरांवर दोघांची नावे आहेत?

'आई' धोरणात व्यवसाय महिलेच्या मालकीचा असावा अशी अट आहे. अट चांगली आहे. पण पंचायतीत आपण 'सरपंचपती' पाहिले आहेत. उद्या 'होम-स्टे पती'ही दिसतील. कर्जाच्या कागदावर अंगठा तिचा, हप्ता थकला तर नोटीस तिला, आणि पाहुण्यांचे पैसे ज्या मोबाइलवर जमा होतात तो मोबाइल त्याच्या खिशात. कर्ज घेण्याआधी घरावर नाव आणि पैसा स्वतःच्या खात्यात, हा क्रम उलटू देऊ नका.

आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल पर्यटनाच्या पुस्तिकांत अवाक्षर नसते. कोकणच्या रस्त्यांवर 'ब्राह्मणी पद्धतीचे घरगुती जेवण' अशा पाट्या सर्रास दिसतात. घरचे जेवण विकले जाते तेव्हा त्या घराची जातही विकली जाते. मग गावकुसाच्या पलीकडल्या वस्तीतल्या बाईच्या हातचे जेवायला पर्यटक येईल का? की तिच्या वाट्याला पुन्हा चादरी धुणे आणि संडास साफ करणेच येईल? 'गावाने मिळून ठरवले' या वाक्यात दलित वस्ती, आदिवासी पाडा, भूमिहीन, परित्यक्ता आणि विधवा बसत नसतील, तर ते पर्यटन गावातल्या जुन्या उतरंडीलाच नवा रंग देईल. पाहुणे आळीपाळीने सर्व वस्त्यांत पाठवायचे आणि स्वयंपाकघर गटाचे सामायिक ठेवायचे, हे उपाय अवघड असले तरी अशक्य नाहीत.

सुरक्षितता आणि दारू

गोव्यातल्या मैत्रिणींनी ही लढाई आपल्या आधी लढली. १९८० च्या दशकात चार्टर विमानांचे पर्यटन वाढू लागले तेव्हा 'जागृत गोंयकारांची फौज' आणि 'बायलांचो साद' यांसारख्या संघटनांनी प्रश्न विचारले : पाणी कोणाचे, किनारा कोणाचा, आणि जाहिरातीत गोव्याची बाई अशी का रंगवता? त्यांना विकासविरोधी म्हटले गेले. पुढे मडगावात अनाथाश्रमाच्या आडून मुलांचे लैंगिक शोषण करणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ साली अटक झाली, १९९६ साली शिक्षा झाली, आणि त्या चिंता काल्पनिक नव्हत्या हे सर्वांना दिसले. २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. परका माणूस घरात राहणार असेल तर मुलींच्या आणि मुलग्यांच्या सुरक्षिततेबद्दल बोलणे म्हणजे पाहुण्याचा अपमान नव्हे. २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद केली आहे. दहापेक्षा कमी माणसे काम करतात अशा ठिकाणच्या, असंघटित क्षेत्रातल्या बाईलाही तिथे तक्रार करता येते. होडी वल्हवणारी, खोल्या झाडणारी, जंगलात वाट दाखवणारी, सगळ्या त्यात आल्या. आपल्या जिल्ह्याची समिती कुठे बसते हे प्रत्येक गटाला पाठ असले पाहिजे.

वर्ध्याच्या बायकांना दारूबद्दल वेगळे सांगायला नको. हा जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा. बंदी कागदावर किती आणि गल्लीत किती, हे पिपरी (मेघे)तल्या कोणत्याही बाईला विचारा. शेजारच्या चंद्रपुरात बायकांनी पायी चालून, मोर्चे काढून २०१५ साली बंदी मिळवली. २०२१ साली ती उठली. पर्यटन वाढवायचे तर दारू हवीच, हा युक्तिवाद उद्या इथेही ऐकू येईल. मांडवीच्या होडीला दारू लागली नाही, वेळासच्या कासवालाही नाही. ज्या पर्यटनाला दारूशिवाय उभे राहता येत नाही, त्याला आपल्या गावात जागा द्यायची का, हे ठरवण्याचा पहिला हक्क रात्री दार लावून घेणाऱ्या बाईचा आहे.

मग करायचे काय?

काही मैत्रिणी म्हणतील, 'एवढ्या शंका काढल्या तर बाईने करायचे तरी काय? शेतीत काही उरत नाही, मजुरी मिळत नाही. चार पैसे येत असतील तर येऊ द्या.' हे म्हणणे आम्ही हलके मानत नाही. अनोळखी माणसांसमोर उभे राहून बोलणे, आपल्या गावाची माहिती सांगणे, स्वतःच्या खात्यात स्वतःचे पैसे पाहणे, यातून बाईत जो बदल होतो तो आपण आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून आमचा आग्रह 'नको' म्हणण्याचा नाही. आमचा आग्रह अटी घालण्याचा आहे, आणि अटी पहिल्या दिवशीच घालता येतात. बोर्ड लागल्यावर आणि हप्ता सुरू झाल्यावर त्या कोणी ऐकत नाही.

आमच्या मते प्रत्येक गटाने पाच गोष्टींचा ठराव करावा.

एक : प्रस्ताव आधी महिलांच्या सभेत यावा. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद पंचायत कायद्यात आहे. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या जागांचा उपयोग इथे करायचा.

दोन : घरावर आणि बँकेच्या खात्यावर बाईचे नाव, ते झाल्यावरच कर्ज.

तीन : मर्यादा आपण ठरवायची. एका दिवशी किती पाहुणे, कोणत्या महिन्यांत बंद, किती पाणी, कचरा कोण परत नेणार. गावच्या विहिरीला उन्हाळ्यात तळ दिसत असेल तर त्या महिन्यांत पाहुणे नाहीत.

चार : श्रमांची वही. कोण किती तास राबले ते रोज लिहायचे, मुलीबाळींचे तासही. मिळकतीचा काही हिस्सा गावाच्या सामायिक कामासाठी बाजूला काढायचा, आणि ते काम कोणते हे महिलांच्या सभेने ठरवायचे.

पाच : पर्यटन हे जोडउत्पन्न राहील. शेत, मासेमारी, जंगलातले गोळा करणे सोडायचे नाही. जो धंदा एका साथीत, एका अपघातात किंवा एका पावसाळ्यात बंद पडतो, त्यावर सगळे घर टांगून ठेवता येत नाही.

हे ठराव लहान वाटतील. पण घारापुरीत वीज यायला ३१ वर्षे लागली, कारण पर्यटनाचे निर्णय जिथे होत होते तिथे बेटावरच्या बायका नव्हत्या. मांडवीत हातात वल्हे आले, कारण सुरुवातच बायकांच्या गटापासून झाली. सेवाग्राम, पवनार, बोरच्या परिसरातले आराखडे अजून व्हायचे आहेत, काही होत आहेत. तेवढ्यात आपण जागे झालो तर आपला शब्द त्यात येईल.

ज्या गटांनी होम-स्टे, खाणावळ, जंगल-वाटाड्या किंवा होडीचे काम सुरू केले आहे, त्यांनी आपला हिशेब आणि अनुभव आम्हाला लिहून कळवावा. फायद्याचा असो वा फसवणुकीचा, दोन्ही हवेत. हाताने लिहिलेले दोन कागदही चालतील. पुढच्या अंकात ते छापू, म्हणजे एका गावची बाई दुसऱ्या गावच्या बाईकडून शिकेल. तोवर येत्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेची तारीख आपल्या ग्रामसेवकाला विचारून घ्या, आणि नमुना ८ चा उतारा मागायला विसरू नका.

संपादक मंडळाकरिता
पिपरी (मेघे), जि. वर्धा